अक्कांनी शोधलेली जागा

"संपत काय न्हाई सर, कुणाकडं तरी ऱ्हातं!" हे अक्कांचं पालुपद. कात्री सापडेना, खडू संपले, छत्री हरवली, की अक्का कमरेवर हात ठेवून हेच म्हणणार. आणि वस्तू कुणाकडं तरी निघायचीच. खरं सांगतो, बहुतेक वेळा माझ्याकडंच.

सत्तरचं दशक सरत आलेलं. सांगलीतल्या आमच्या कॉलेजात कपाटाएवढा कॉम्प्युटर आला होता. मी गणिताचा नवखा मास्तर आणि अक्का यंत्र चालवणाऱ्या. मूळच्या कवठे महांकाळच्या, टायपिंगच्या खोलीतून इकडं आलेल्या. पोरांचे प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून यंत्राला भरवायचे, हे त्यांचं काम. यंत्राच्या मेमरीत कुणाला किती जागा द्यायची आणि काम झालं की ती परत घ्यायची, हे बघणारा मुख्य प्रोग्राम मात्र मी लिहिलेला. काय तोरा होता माझा!

पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यंत्र 'जागा नाही' असं छापून गप्प बसायचं. बंद करून चालू केलं, की त्याच पट्ट्या सुरळीत. मग दोष कुणाचा? चालवणाऱ्या बाईचा! प्राचार्यांनी बजावलं, "पुन्हा बंद पडलं तर यांना परत टायपिंगला धाडतो." मी शेजारीच उभा होतो, पण तोंडातून ब्र काढला नाही. आजही लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात ते बंद पडलं. ऑफिसात अक्कांच्या बदलीचा हुकूम टाइप करायला सांगून प्राचार्य जेवायला गेले.

मला वाटलं, अक्का रडतील. छे! त्या माझ्यावरच आल्या. "जागा कुणाकडं ऱ्हाते ते मला ठावं हाय. आज पाच पोरांनी छपाई चालू असतानाच काम थांबवायला लावलं. मागच्या खेपेला बी तसंच झालंतं."

"थांबवलं तरी जागा परत येते, अक्का."

"आवं, आमच्या घरात गावची लग्नाची भांडी असायची. लग्न झालं, भांडी परत. आधीच मोडलं, तरी परत. पण ऐन पंगतीत मोडलं, की मुलीकडचे म्हणायचे आचारी देईल, आचारी म्हणायचा मुलीकडचे देतील. पातेली तिथंच!"

मी प्रोग्रामची वही उघडली. छपाईचा भाग लिहिताना मी धरून चाललो होतो, की जागा मुख्य भाग परत घेईल. मुख्य भाग लिहिताना बरोबर उलट. अरे देवा, चूक माझीच!

"करून बघायचं?" मी विचारलं.

"इचारता काय? लावा पट्ट्या!"

यंत्र बंद करून चालू केलं, पाच कामं लावली, पाचही छापता छापता थांबवली आणि सहावं लावलं. खडखड, खडखड... 'जागा नाही'! "बंद पडलं! बंद पडलं!" आम्ही दोघं टाळ्या पिटत ओरडलो. दारातला शिपाई पुटपुटला, "डोस्की फिरली ह्यांची."

मी तीन ओळी लिहिल्या, अक्कांनी एका दमात पट्टी पाडली. मग दहा कामं मोडली, वीस मोडली, यंत्र आपलं चालूच. "लय भारी, सर! बघा की!" अक्का नाचायच्याच बाकी होत्या.

मग हळूच म्हणाल्या, "चूक कुणाची ते सांगू नगा. तुमची नवी नोकरी हाय."

जायची वेळ त्यांच्यावर आलेली, आणि काळजी माझी! मला बसवेना. पळत सुटलो, प्राचार्यांना वाटेतच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

अक्का आता नाहीत. पण पुढचं दृश्य अजून तस्सं दिसतं मला. हुकुमाचा कागद हातात घेऊन प्राचार्य यंत्राच्या खोलीत आले. अक्का पुढची पट्टी भरवत होत्या, त्यांनी मान वळवली नाही.

"साहेब, धूळ येतीया आत. बूट भाईर काढा."

प्राचार्यांनी सही न करताच कागद माझ्या हातात दिला, भिंतीला हात टेकला आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.