उपाशी टाकी

अर्धी वाट मागं पडली होती. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला चालत जायचं म्हणून दैवशाला आणि तिची मैत्रीण वंदना पहाटेच जालन्याहून निघाल्या होत्या. आता ऊन वर आलं होतं, आणि दैवशालेचा हात सारखा पिशवीतल्या फोनकडं जात होता.

"देवाकडं चाललीस का टाकीकडं?" वंदनानं विचारलं.

"पाय तर देवाकडंच हायेत."

टाकी होती एमआयडीसीतल्या एका लहानशा शेडमध्ये. सरकीचं तेल शुद्ध करताना खाली गाळ उरतो. त्या गाळातून काढलेली मेदाम्लं दैवशाला टाकीतल्या जिवाणूंना खाऊ घालायची. माणसाच्या अंगावर चरबी चढावी तसे हे जीव पोटात दाणे साठवतात, आणि ते दाणे म्हणजेच मातीत कुजून जाणारं प्लास्टिक. रोपांसाठी त्याच्या पिशव्या करायच्या होत्या. वाटूरची ही लेक आधी बियाणं कंपनीत उगवण तपासायची. तिथून इथं आली आणि रमली.

मागच्या खेपेला मात्र तिनंच घोटाळा केला. जिवाणू पुरते वाढले की त्यांचं नत्र तोडायचं आणि नुसती मेदाम्लं द्यायची. नत्राची तंगी पडली तरच ते साठवणीला लागतात. नेमकी त्या दिवशी चतुर्थी आली. उपास आपण करावा, दारातल्या जिवाला घडवू नये, ही तिच्या सासूची, साळूबाईची शिकवण. दैवशालेला राहवलं नाही. तिनं नत्राचं पाणी सोडलं. जिवाणू मायंदाळ झाले, प्लास्टिक मात्र हाताला लागलं नाही.

"कपाशीला युरिया जास्त झाला की ती नुसती माजती, बोंड धरत न्हाई," ती वंदनाला म्हणाली. "जलमभर बघितलेलं, अन् तिथंच इसरले."

शेडचे मालक रामराव तिला रागावले नव्हते. ही खेप साधली तर पुढं चालवू, नाहीतर टाकी विकून टाकू, एवढंच म्हणाले होते. म्हणून आज तिनं शेडची किल्ली तिथंच काम करणाऱ्या रजियाकडं दिली होती.

"जवळ असले तर नत्राकडं हात जाईलच माझा. त्यापरीस चाललेलं बरं."

"म्हंजे गणपतीला पुढं करून पळून आलीस."

"तसंच समज."

चहाच्या टपरीपाशी फोन वाजला. रजिया होती. "ताई, टाकीतला थेंब भिंगाखाली बघितला. दाणेच दाणे, एकेक जीव टच्च भरलाय. नत्राला बिलकुल हात लावला न्हाई मी. रामरावकाका म्हनले, पुढच्या टाकीची तयारी करा."

दैवशालेनं फोन कपाळाला लावला आणि बाकड्यावर बसली. वंदनानं चहा पुढं केला. तो निवत चालला तरी तिनं उचलला नाही.

"आता गं काय?"

"उद्या त्या जिवांना फोडावं लागंल. गरम करून. त्याबिगर दाणे निघत न्हाईत."

पदरानं तोंड पुसून दैवशाला उठली. दोघी पुन्हा चालू लागल्या. कळस दिसायला लागला तशी दैवशालेची चाल मंदावली.

"वंदे," ती म्हणाली, "खेप साधू दे, हे माझं मागणं मी तर घरून निघतानाच बोलून बसले, अन् त्यांनी उपाशी राहून ते पुरं केलं. आता त्यांच्यासाठी बोलायला मला तोंड न्हाई. तुझ्या जुडीतली एक दूर्वा त्यांच्या नावानं वाहशील का?"