बायाक्काचं पांढरं रान

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला आमचं गाव. गावातली बायाक्का अठरा वर्षं तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. घरची तीस गुंठे काळी जमीन होती, पण तिच्यात मीठ फुटलेलं. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजलं, ते जिरून बाहेर पडायला वाट नव्हती. खालचं पाणी वर चढत गेलं आणि क्षार घेऊन आलं. उन्हाळ्यात रान चुना सांडल्यासारखं पांढरं दिसायचं. नवऱ्यानं तीनदा पेरलं, तीनदा बी कुजलं. तो वारल्यावर भाऊबंदांनी तिकडं बघायचंही सोडलं. बायाक्का मात्र दर सुट्टीला जाऊन बांध नीट करून यायची.

चार वर्षांपूर्वी पूर्णिमा नावाची माती तपासणारी अधिकारी गावात आली. मूळची धारवाडकडची, तिची मराठी कन्नडच्या वळणाची. तिनं बायाक्काच्या रानात खड्डा खणून घेतला. अडीच फुटांवरच पाणी लागलं.

"आक्का, जमीन मेली नाही. बुडाली आहे."

मग तिनं उपाय सांगितला. चार फुटांखाली छिद्रांचे पाइप घालायचे. पावसानं मीठ खाली धुऊन जाईल, पाइप ते ओढ्याला नेऊन सोडतील. म्हणाली, "जगभर जमिनी अशाच नासत आहेत, म्हणून देशांनी मिळून करार केलाय. दोन कोटी साठ लाख हेक्टर सुधारायचा शब्द आपल्या देशानं दिलाय."

"त्यात माझं तीस गुंठं हाईत?" बायाक्कानं विचारलं.

पूर्णिमा हसली नाही. "असायलाच पाहिजेत," म्हणाली.

पण अट होती. पाणी बांध ओळखत नाही. पट्ट्यातल्या बावीसही घरांनी एकत्र यायला हवं होतं. एकवीस तयार झाली. ओढ्यालगतचं रान अप्पासाहेबांचं, त्यांचा ऊस अजून हिरवागार. त्यातून चर काढायला ते नाही म्हणाले. बायाक्का महिनाभर त्यांच्या दारात गेली. शेवटी म्हणाली, "अण्णा, उसाच्या कडंला एक खड्डा खणू द्या. पाणी लागलं न्हाय तर परत येणार न्हाय."

छप्पन्न वर्षांची बाई, एकटी खणत राहिली. अप्पासाहेब बांधावरून बघत होते. कमरेएवढी खोल गेली आणि चारही बाजूंनी पाणी पाझरायला लागलं. मुळांच्या खाली जेमतेम हातभर.

"हितवर आलंय व्हय?" अप्पासाहेब पुटपुटले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चराच्या वाटेवरचा ऊस तोडायला घेतला.

पाइप पुरले. पाऊसकाळ संपत आला तेव्हा सगळं गाव ओढ्यावर जमलं होतं. पाइपाच्या तोंडातून आधी गढूळ थेंब आले, मग दोऱ्याएवढी धार, मग मनगटाएवढी. अप्पासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. वीस वर्षं पायाखाली साठलेलं ते पाणी दिवसभर वाहिलं, रात्रभर वाहिलं, पंधरा दिवस वाहत राहिलं.

दुसऱ्या वर्षी हिरवळीचं खत म्हणून पेरलेला धैंचा डोक्याएवढा झाला. तिसऱ्या वर्षी गहू. उगवण झाली त्या सकाळी बायाक्का वखारीत गेलीच नाही. सरीतनं गुडघ्यांवर सरकत कोंब हातानं चाचपत होती. एका कोपऱ्यात अजून पांढरा डाग होता. तोही तिनं आम्हाला दाखवला, लपवला नाही.

गेल्या हिवाळ्यात बाहेरदेशीचे अधिकारी हे काम बघायला आले. त्यात उझबेकिस्तानची एक बाई होती. तिच्याकडं अख्खा समुद्र आटला आणि तळाचं मीठ वाऱ्यानं गावांवर उडत येतं, असं दुभाष्यानं सांगितलं. तिनं बायाक्काच्या रानातली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मग मोबाइलवर आपल्या गावाचा फोटो दाखवला. नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं.

बायाक्कानं तोंडावर पदर धरला. "एवढं सगळं? आणि माणसं ऱ्हात्यात तिथं?"

"राहतात," दुभाष्या म्हणाला.

"तिला सांगा, पैलं शेजारपाजारच्यास्नी एका जागी बशीव. त्यालाच लई दिस लागत्यात. पाइप मागनं."

ती बाई लिहून घेत होती. बायाक्का तिच्या हाताकडं, त्या अनोळखी अक्षरांकडं थक्क होऊन बघत राहिली.