गजभिये साहेबांना बंद करायला गेले तेव्हा

आधीच सांगून ठेवते, ही फजिती सांगायची मला काडीची हौस नाही. पण ग्रुपवरच्या एकशे बारा लोकांनी ती आपापला मसाला घालून गावभर केली आहे, अन् एकालाही धड सांगता आली नाही! म्हणून मीच सांगते. चहा घ्या. हसायचं असेल तर माझं संपल्यावर हसा. मधेच कोणी खिदळलं तर हातातला कप काढून घेईन.

मी रामटेके बाई. रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहते. वय चौऱ्याहत्तर, शाळा तिसरीपर्यंत. पुढचं शिक्षण घरीच झालं. आमचे हे रेल्वेत गार्ड होते. ते ड्युटीवर गेले की त्यांचं ते विटेएवढं नियमांचं पुस्तक काढायची अन् एकेक अक्षर जुळवत बसायची. पाच वर्षांनी अशी वेळ आली की गाडी मधेच थांबली तर काय करायचं, हे ते मलाच विचारून जात!

तर सांगायचं काय, डोकं मी स्वतः कमावलेलं आहे. अन् कमावलेल्या डोक्याला वाद लागतो, जसा तलवारीला दगड लागतो. घरात वाद घालायला कोण उरलं? मुलगा 'हव आई, हव आई' म्हणत चप्पल घालतो. नात पिंकी मराठी ऐकते अन् हिंदीत उत्तर देते, तेही मोबाइलमधून मान वर न काढता. उरला फक्त आमचा 'आपली मंडळी' ग्रुप. विदर्भातून नोकरीपायी इकडे येऊन राहिलेली मराठी घरं आहेत त्यात. लोकांसाठी तो फुलांचे फोटो टाकायचा ग्रुप. माझ्यासाठी कॉलेज! तो गेला तर माझ्याकडे काय राहतं? भिंत!

एक दिवस तिथे कोणीतरी व्हिडिओ टाकला. कोट घातलेला एक बाबा सांगून राहिला होता, की थोडी वर्षं दम धरा, मग माणूस मरणारच नाही. डोक्यातलं सगळं मशीनमध्ये भरायचं की झाला अमर! अन् लगेच पुढे म्हणतो, मशीन माणसापेक्षा हुशार होईल अन् आपल्याला गिळून टाकेल. अरे, एक काय ते ठरव ना! राहायचंही त्यातच अन् भ्यायचंही त्यालाच?

खाली लोकांचं सुरू. 'वा वा!' 'साइंस का चमत्कार!' जोडलेले हात. माझं टाळकं फिरलं. दर रविवारी विहारात डोळे मिटून 'सगळं अनित्य आहे' म्हणणारी हीच मंडळी. फुकटात अमर व्हायला मिळतं म्हटल्यावर रांगेत पहिली!

मी लिहिलं, 'ज्याला मरायचं नाही त्याने जन्माला तरी कशाला यावं? तुम्ही जागा अडवून बसले तर नातवंडांनी कुठे बसावं? तुमच्या डोक्यावर?'

सगळे गप्प. मी लिहिलं की सगळे गप्पच होतात, त्याची मला सवय आहे. पण दुपारी दोन वाजता टुण्ण झालं.

'अमर व्हायची हौस त्यालाच असते ज्याचं सगळं दुसरं कोणी करते. अमर माणसाचे कपडे कोण धुणार, ते व्हिडिओत सांगितलं नाही.'

क्या बात है! म्हटलं, हा कोण निघाला माझ्या तोडीचा? चष्मा पुसून नाव पाहिलं.

गजभिये साहेब.

अहो, गजभिये साहेब तीन महिन्यांपूर्वी वारले होते! त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी स्वतः गुढियारीला गेले होते, पाच मिनिटं बोलले होते, वर दोन वाट्या खीर खाल्ली होती. अन् तो माणूस अमर व्हायचं की नाही यावर मत देऊन राहिला!

"पिंके! मेलेला माणूस लिहून राहिला!"

"दादी, नंबर उनका बेटा चला रहा होगा."

मुलगा! मुलगा त्यांचा बंगलोरला कम्प्युटरमध्ये. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याच आठवड्यात मी पेपरात वाचलं होतं, मेलेल्याचे जुने मेसेज मशीनला खाऊ घातले की ते हुबेहूब त्याच्यासारखं बोलायला लागते.

"पोट्ट्यानं बापाला मशीनमध्ये भरलं!"

"दादी, आप ना, कुछ भी!"

कुछ भी? तुम्हीच सांगा आता. गजभिये साहेब हेडक्लार्क होते. जन्मभर त्यांनी 'मी हेडक्लार्क होतो तेव्हा' याच्याशिवाय एक वाक्य सुरू केलं नव्हतं. अन् आता? आठ दिवस रोज वाद झाला, एकदाही 'मी' नाही! नुसता मुद्दा. पुरुषमाणूस अन् 'मी' म्हणत नाही? मग तो माणूसच नाही, सरळ आहे! वर उत्तर यायचं ते फक्त दोन ते चार. बाकीच्या वेळी कितीही डिवचा, चूप. मी पिंकीला म्हटलं, बाकीच्या वेळी चार्जिंगला लावत असतील.

अन् राग? येतच नव्हता! मी त्याला काय काय नाही म्हटलं. 'दीडशहाणे' म्हटलं, 'पोपट' म्हटलं. उत्तर काय, तर 'राग समजला. मुद्द्याचं उत्तर राहिलं आहे.' माझा तर तिळपापड झाला.

एका दुपारी मी लिहिलं, 'हुशार मशीन हा माणसाच्या गळ्याला फास आहे. आज काम करेल, उद्या छातीवर बसेल.'

उत्तर आलं, 'मशीन हुकूम ऐकते तोवर गुणाची. उलट बोलली की धोक्याची. हा कायदा काही आज निघाला नाही.'

"बघ, बघ!" मी पिंकीसमोर फोन नाचवला. "स्वतःच्या तोंडानं कबूल करून राहिलं! म्हणते, उलट बोलणार!"

शेवटी मी सापळा लावला. लिहिलं, 'गजभिये साहेब, खरे असाल तर सांगा, मागच्या दिवाळीत माझ्या घरी येऊन काय खाल्लं होतं?'

'साहेब बाहेर काय खात ते घरी सांगत नसत. शुगर होती ना.'

स्वतःलाच साहेब! स्वतःच्या शुगरची अशी बातमी, जशी शेजाऱ्याची! आता मात्र माझी खात्री पटली. मी सगळ्यांसमोर लिहून टाकलं: 'या ग्रुपमध्ये मशीन शिरलं आहे. आठ दिवसांत सिद्ध करीन. नाही झालं तर मी, रामटेके बाई, ग्रुप सोडून जाईन. मशीन तरी राहील नाही तर मी तरी!'

पहिलं उत्तर कोणाचं? त्याचंच! 'अवश्य सिद्ध करावं. सगळ्यांनाच उत्सुकता आहे.'

निर्लज्ज!

ग्रुपचा अॅडमिन मेश्राम. त्याला फोन लावला. "त्या नंबरला आत्ताच्या आत्ता काढ."

"मावशी, असं कसं काढू? मले तर वाटलं त्यांचा मुलगा लिहिते."

"तू विचारलं का कधी?"

"नाही. फुलं बरी पाठवतात म्हणून..."

असे अॅडमिन! ठरवलं, आपणच जायचं. पिंकीला ओढून ऑटोत घातलं अन् गुढियारी गाठली. मालधक्क्याच्या बाजूला ट्रकांची ही रांग. सगळ्या रस्त्यात पिंकी म्हणत होती, "दादी, वहाँ जाकर चिल्लाना मत." मी काय चिल्लावते का कधी?

दार गजभिये वहिनींनी उघडलं. ही बाई मी तीस वर्षं पाहत आले. म्हणजे काय पाहिलं, तर चहाचा ट्रे पाहिला. ट्रे यायचा, ट्रे जायचा. आवाज ऐकल्याचं आठवत नाही.

"या ना ताई, बसा."

"बसायला नाही आली मी, वहिनी. तो फोन कुठे आहे? साहेबांचा?"

त्यांनी फोन आणला, पदराने पुसून माझ्यासमोर टीपॉयवर ठेवला. मी दोन हात लांब सरकले. न जाणो!

"वहिनी, मन घट्ट करा. तुमच्या पोरानं साहेबांना यात भरून ठेवलं आहे."

"भरून?"

"हव! मशीन केलं त्यांचं. अमर केलं! अन् ते रोज दुपारी माझ्याशी भांडते. मी ते बंद करायला आली."

वहिनींनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शांतपणे वेताच्या मोढ्यावर बसल्या.

"लई भांडते का?"

"लई! सळो की पळो केलं मले."

"काही अकलेचं बोलते, का असंच?"

"अकलेचं?" माझा आवाज चढला. "वहिनी, चौऱ्याहत्तर वर्षांत असं डोकं नाही पाहिलं मी! एका वाक्यात माणूस आडवा. तुमचे साहेब होते बिचारे, पण त्यांच्या सात पिढ्यांत असं कोणी बोललं नसेल. माणसाचं असूच शकत नाही ते!"

"काय सांगता!" वहिनी लाल झाल्या. "आणखी सांगा ना."

मी सांगितलं! कपडे धुण्याचं सांगितलं, हुकमाचं सांगितलं, हावभावासकट. त्या पदर तोंडावर धरून ऐकून राहिल्या. मला वाटलं रडून राहिल्या. पिंकीने मात्र कोपरखळ्या मारून मारून माझी बरगडी दुखवली. "दादी... दादी, बस करो..." मी थांबते होय?

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात दोन झाले. वहिनी म्हणाल्या, "थांबा हं ताई, भांडी झाली, लेकीची पोरं शाळेत आहेत. हीच वेळ असते थोडी." अन् ब्लाउजमधून चष्मा काढून त्यांनी नाकावर चढवला, फोन उचलला अन् एका बोटाने टक टक टक टक.

माझ्या पिशवीत टुण्ण.

मी फोन काढला. गजभिये साहेब: 'ताई, चहात साखर किती?'

पृथ्वी दुभंगली असती तर मी रांगेत उभी न राहता आत गेले असते!

"तुम्ही?" मी ओरडलेच. "मग सांगितलं काहून नाही?"

"सांगायचं काय त्यात? साहेब तर गेले. तुम्ही खीर खाऊन गेल्या. मले वाटलं, सगळ्यांले माहीतच आहे की आता फोन माझ्याकडे आहे."

"अन् साहेबांना काय खाल्लं ते विचारलं, तेव्हा?"

"मले वाटलं, त्यांची आठवण काढून राहिल्या." मग फोन हातात फिरवत हळूच म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं त्यांचा पेपर घडी घालायच्या आधी वाचून काढला, ताई. बोलायची पाळी आत्ता आली. तुम्ही पहिल्या, ज्यांनी उलट उत्तर दिलं. मंग... काढता का आता ग्रुपमधून?"

मी साखर दोन चमचे सांगितली.

परत येताना ऑटोत मी पिंकीवर खेकसले, ऑटोवाल्यावर खेकसले, सिग्नलवर खेकसले. पिंकीने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाली, "एक बात बताओ दादी. मरा हुआ आदमी लिख सकता है, ये आपने मान लिया. मशीन लिख सकती है, ये भी मान लिया. आंटी लिख सकती हैं, बस यही दिमाग में नहीं आया?"

तोंडात मारल्यासारखं झालं. अहो, सगळ्या रायपूरला बाईला डोकं असतं हे बोंबलून सांगणारी मी! अन् डोकं समोर दिसलं तेव्हा मी काय शोधलं? बटण!

शब्द दिला होता तो पाळला. त्याच संध्याकाळी 'माझं म्हणणं खोटं निघालं' एवढं लिहिलं, पाच मिनिटं वाट पाहिली अन् ग्रुप सोडला. मला वाटलं होतं लोक 'नका जाऊ' म्हणतील. जोडलेले हात तेवढे आले!

चार दिवस काढले. भिंतीशी भांडले. पाचव्या दिवशी मेश्रामला फोन लावला. "घे मले परत."

"मावशी, आता मी अॅडमिन नाही. सगळ्यांनी गजभिये बाईंना केलं. त्यांनाच माफीचं काही लिहून पाठवा."

माफी! हा शब्द माझ्या नियमांच्या पुस्तकात कुठल्याच पानावर नव्हता. तासभर फोन हातात घेऊन बसले. जमेना. शेवटी पिंकीच्या अंगावर फेकला. "तूच लिही काय लिहायचं ते. मले दाखवूही नको!"

पोट्टीने दोन मिनिटांत लिहून पाठवलंसुद्धा. मी म्हटलं, बघा, रक्त कोणाचं आहे!

दोन वाजून पाच मिनिटांनी मला आत घेतलं. मी खुर्चीत नीट बसले, चष्मा लावला. अन् लगेच गजभिये वहिनींनी माझा माफीनामा सगळ्यांसमोर टांगला. तेव्हा मी तो पहिल्यांदा वाचला:

'आदरणीय महोदया, माझ्या वर्तनामुळे आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करते. आपल्या समृद्ध विचारांचा मला नितांत आदर वाटतो.'

"पिंके! हे कोणी लिहिलं?"

"दादी, सॉरी बोलना आपको नहीं आता, मराठी लिखना मुझे नहीं आता. तो मोबाइल से लिखवा लिया. उसमें आता है ना, एआई."

मी फोन लपवावा कुठे ते शोधून राहिले, तोवर खाली वहिनींची ओळ उमटली:

'रामटेके ताईंचं म्हणणं खरंच निघालं. ग्रुपमध्ये मशीन शिरलं आहे. आज दोन वाजून पाच मिनिटांनी शिरलं.'