वायर काढली तरी दिवा चालू!

माझ्या डोक्याबद्दल तुमचं मत चांगलं असेल ना, तर चहा संपवा आणि उठा. कारण मी जी माती खाल्ली, ती ऐकल्यावर ते मत काही टिकायचं नाही!

मी भांडुपला एका छोट्या कंपनीत सर्किटं बनवते. बसच्या मागच्या लाल दिव्यातल्या एलईडींना हवा तेवढाच करंट देणारी सर्किटं. आमचं जुनं सर्किट इतकं तापायचं की वर पापड भाजून घ्यावा! कमी वीज खाणारं नवं बनवायचं काम सावंतसाहेबांनी माझ्यावर टाकलं. म्हणाले, "जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर…" पुढचं बोलायची गरज होती का?

जीव ओतून बनवलं हो. पहिल्यांदा चालू केलं, मीटर बघितला आणि किंचाळलेच. अपेक्षेच्या निम्मा करंट! आणि दिवा कसा, झकास लखलखतोय!

पुन्हा मोजलं. तेच! (त्याच जोडणीने पुन्हा मोजल्यावर दुसरं काय येणार होतं? पण तेव्हा एवढी अक्कल कुठे?)

सावंतसाहेब मूळचे मालवणचे. आनंद झाला की थेट गावालाच पोचतात. "काय केलंस गो ह्यां!" म्हणत त्यांनी लगेच आमच्या ग्राहकाला, म्हणजे बस बनवणाऱ्या कंपनीच्या दाते मॅडमना फोन लावला. मी "साहेब, एकदा परत तपासते" म्हणेपर्यंत हे आकडा सांगून मोकळे! मॅडम नुसतं "हं" म्हणाल्या, आणि उद्या येते म्हणाल्या.

घरी मी आईला सांगितलं. म्हणजे अख्ख्या मुलुंडला सांगितलं असंच समजा. रात्री समोरचे जोशीकाका दारात हजर. "केतकी, आमच्या गीझरचंही काहीतरी कर ना गं. अर्ध्या विजेत."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेढे आणले. टेबलाला हार घालायचं तेवढं बाकी होतं. दाते मॅडम आल्या, गंभीर चेहऱ्याने मीटर बघितला आणि म्हणाल्या, "ही मीटरमधून दिव्याला जाणारी वायर काढा जरा. आकडा शून्यावर येतोय का बघू."

मी ऐटीत वायर काढली. आकडा शून्य.

आणि दिवा चालूच!

मंद नाही, फडफडत नाही. मस्त, भरभरून चालू!

माझ्या तोंडातला पेढा तिथेच थांबला. साहेबांनी मात्र टाळी वाजवली. "बघा मॅडम! वायर काढली तरी चालतो! एवढी बचत आहे!"

आता ऐका घोळ काय होता तो. बसच्या मागच्या दिव्याला दोन वायरी येतात. एक अंधारात दिवा लावण्यासाठी, दुसरी ब्रेक दाबल्यावर. दोन्हींचा करंट एकाच मीटरमधून जायला हवा. मी एकच वायर मीटरला लावली होती. दुसरी थेट बॅटरीवर! दिवा दोन्हीकडून जेवत होता आणि मी एकच ताट मोजत होते.

वाट लागली! नोकरी गेली! आता जोशीकाकांना काय तोंड दाखवू?

"मॅडम, माझी चूक झाली," मी म्हटलं. लगेच दोन्ही वायरी मीटरला जोडल्या. आकडा दुप्पट झाला आणि ठरलेल्या मर्यादेच्या जरासा अलीकडे थांबला. पास, पण जेमतेम. साहेबांचा चेहरा बघवेना.

मॅडम मात्र खुर्चीत टेकल्या आणि चक्क हसल्या. "सुटले बाई! अहो, करंट कालच्या आकड्याइतका कमी पडला तर आमच्या बसला वाटतं दिवा उडाला. ड्रायव्हरसमोर धोक्याची खूण लागते आणि बस डेपोत परत. मी आज तुम्हाला नाही म्हणायलाच आले होते. हा आकडा असेल तर घेतलं!"

काय सांगू, इतकं हलकं वाटलं! आयुष्यात पहिल्यांदा आपण जेमतेम निघालो म्हणून मी देवाचे आभार मानले. अडकलेला पेढाही गिळला, वर आणखी एक घेतला.

मॅडम गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"केतकी, नोकरी पक्की."

"थँक्यू साहेब!"

"सर्किटं तूच बनवायची. मीटरला मात्र हात लावायचा नाही."