उसन्या डिझेलचा टावर

फुलसावंगीजवळच्या आमच्या गावात देवराव मोबाइलच्या टावरची राखण करतात. फोन लागला नाही की सगळं गाव त्यांच्याकडे असं पाहतं, जणू रेंज त्यांनीच खिशात घालून नेली आहे.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आधी लाइट जाते. टावरची म्हातारी बॅटरी थोडी धापा टाकते, मग जनरेटर लागतो. पण पुलावरून पाणी गेलं की डिझेलची गाडी पलीकडेच अडकते आणि टावर मुका होतो. दर पुराला हेच. यंदा मात्र देवरावांची लेक नलू दारव्ह्याला सासरी होती. दुसरं बाळंतपण, म्हणून तिकडेच. आणि दिवस भरत आलेले. ऐन वेळी फोन बंद पडला तर?

अशात जिल्ह्याहून उज्ज्वला मॅडम येणार असं कळलं. पुरात कोणता टावर किती टिकतो ते त्या तपासणार होत्या. जे कमजोर ठरतील, त्यांना नवी मोठी बॅटरी मिळणार होती.

पण तपासणी म्हटल्यावर देवरावांना एकच ठाऊक: मुलगी पाहायला पाहुणे येतात ती. आमच्याकडे त्या दिवशी शेजाऱ्याचा सोफा आणि समोरच्यांचे काचेचे ग्लास हक्कानं आपल्या घरी येतात. देवरावांनी टावरभोवती सडा टाकला आणि हिरासिंगच्या ट्रॅक्टरचं डिझेल उसनं आणून जनरेटर काठोकाठ भरला.

मॅडमनी लाइट बंद केली. बॅटरी लवकरच दमली, पण जनरेटर असा गरजला की झाडावरचे बगळे उडाले.

"व्वा! पुरात हा काही बंद पडत नाही," मॅडम म्हणाल्या आणि 'धोका नाही' असा शेरा लिहिला. देवराव फुगून टावरएवढे झाले.

त्यांची बायको कोकिळा चहा घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "काहो, टावर मजबूत निघाला तर नवी बॅटरी काहून देतीन ते?"

देवरावांचा चेहरा पडला. पाहुण्यांना सोफा शेजाऱ्याचा आहे हे सांगायचं म्हणजे जिवावर येतं. पण नलूसाठी त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "मॅडम, ते डिझेल आपलं नाही. हिरासिंगचं होय."

"मी तं कॅन घेऊनच उभा आहो," हिरासिंग मागून म्हणाला. "मले वावरात जायचं आहे न बावा!"

त्यानं नळी लावून आपलं डिझेल काढून घेतलं. मॅडमना मात्र जनरेटरच्या आवाजात यातलं काही ऐकूच आलं नव्हतं; त्या साहेबांशी फोनवर बोलत होत्या, "सर, इथे तर सगळं उत्तम..." तेवढ्यात जनरेटरला उचकी लागली आणि तो गप्प झाला.

"हॅलो? हॅलो?"

"हे आमचं खरं रूप, मॅडम," देवराव हात जोडून, अगदी आनंदानं म्हणाले.

हिरासिंगचा भरलेला कॅन पाहून मॅडमना हसू आवरेना. हसत हसतच त्यांनी शेरा खोडला.

नवी बॅटरी बसली आणि लगेच पूर आला. लाइट गेली, पूल बुडाला, आणि त्यातच दारव्ह्याहून जावयाचा फोन आला: मुलगी झाली, दोघी मजेत. देवराव आनंदानं इतके ओरडून बोलायला लागले की सगळी गल्ली दारात आली.

"हळू बोला न जी," कोकिळा म्हणाली. "टावर सुरू हाय. दारव्ह्याले हाका कायले मारून राह्यले?"