आत्याचे गुडघे आणि महासंकट

मीरा रोडमध्ये माणसं पार्किंगवरून भांडतात, टँकरवरून भांडतात, कबुतरांना दाणे टाकण्यावरून तर फारच भांडतात. आमच्या घरात मात्र जगाच्या अंतावरून भांडणं व्हायची. भांडणारे दोघंच, माझे बाबा आणि त्यांची थोरली बहीण. ही आत्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. एका मोठ्या हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून रिटायर झाली. त्यांची आई लवकर गेल्यावर बाबांना तिनेच वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. "मी ह्याला आंघोळी घातल्या आणि हा मला शास्त्र शिकवतो," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

आम्ही ख्रिस्ती, आणि वाद असा होता. प्रभू परत येणार, यावर दोघांचं एकमत. त्याआधी जगावर महासंकट येणार, यावरही एकमत. आत्याचं म्हणणं, संकट सुरू व्हायच्या आधीच विश्वासणाऱ्यांना वर स्वर्गात उचलून घेतलं जाईल आणि मागे इतर लोक राहतील. बाबांचं म्हणणं, एवढं सोपं नाही, विश्वासणाऱ्यांनाही सगळं सोसावं लागेल आणि उचलणं-बिचलणं शेवटी. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना दोन्ही घरी जेवायला यायचं असे, म्हणून ते म्हणायचे, संकटाच्या साधारण मध्यावर. त्यामुळे दोघंही त्यांच्यावर नाराज.

बाबा नुसतं मत मांडून गप्प बसणारे नव्हते. हॉलमधल्या दिवाणाच्या पोटात त्यांनी संकटाची बेगमी करून ठेवली होती. तांदूळ, तूरडाळ, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि उत्तनचे सुके बोंबील. पाहुणे त्या दिवाणावर झोपायचे आणि सकाळी चहाला न थांबता निघायचे. "संकट येईल तेव्हा येईल, वास आत्ताच येतोय," असं आई म्हणायची. तिचं या विषयावर तेवढंच मत होतं.

हे सगळं करमणूक म्हणून जन्मभर चाललं असतं. पण आत्याचे गुडघे गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दोन्ही बदलावे लागतील, नाहीतर चालणं बंद होईल. जिने आयुष्यभर पेशंटांना दटावून ऑपरेशनला पाठवलं, ती आमची आत्या शांतपणे म्हणाली, "कशाला? प्रभू यायला थोडेच दिवस राहिलेत. वर नवं शरीर मिळणारच आहे. ह्या जुन्याला आता ठिगळं कशाला लावायची?"

तिथून वादाचा रंगच बदलला. बाबा आता शास्त्रासाठी भांडत नव्हते, गुडघ्यांसाठी भांडत होते. मंगळवारची घरगुती प्रार्थनासभा संपली, चहा आला, की सुरू व्हायचं.

"ताई, समज नाही उचललं आधी. डोंगराकडे पळायची वेळ आली, तर तू कशी पळणार?"

"कुठला डोंगर?"

"घोडबंदरचा. वरसावेवरून वर चढायचं."

"तिथे बिबट्या आहे."

"महासंकटात बिबट्याचं काय घेऊन बसलीस!"

"तूच जा. तुला मागेच राहायचंय ना!"

आवाज इतके चढायचे, की समोरच्या गुजराती काकी एकदा दारात येऊन बाबांना म्हणाल्या, "भाईसाब, बहन को उसका हिस्सा दे दो ना. बात खतम." त्यांना वाटलं, प्रॉपर्टीचं चाललंय.

हसायची सोय होती तोवर आम्ही हसलो. पण आत्या भिंतीला धरून चालायला लागली, रविवारी चर्चला उपासनेला यायची बंद झाली, स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसून पोळ्या लाटू लागली. काही हवं असलं की काठी जमिनीवर आपटायची, ते आमच्या छतात ऐकू यायचं आणि आम्ही कुणीतरी वर धावायचो. एका संध्याकाळी वरून काठी वाजलीच नाही, म्हणून बाबा स्वतःहून गेले. ती बाथरूमच्या उंबऱ्यावर बसली होती, उठता येत नव्हतं म्हणून. खाली आल्यावर बाबा माझ्यासमोर रडले. "ती माझी आई आहे गं," म्हणाले. मला त्या दिवशी दोन्ही मतांचा मनापासून राग आला.

अशात बाप्तिस्म्याचा रविवार आला. मंडळीतल्या काही जणांचा बाप्तिस्मा तारोडीच्या बाजूला समुद्रात करायचा होता. आत्याला वाळूत चालणं शक्य नव्हतं, ती घरी राहिली. "जेवायला येतोच," असं सांगून आम्ही सगळे भाड्याच्या बसने निघालो.

आमचे पाळकसाहेब नगरकडचे, आणि मंडळीही बहुतेक घाटावरून आलेली. समुद्रात पाणी असतं, एवढंच आम्हाला माहीत. गाणी म्हणत किनाऱ्यावर उतरलो तर समोर नुसता चिखल आणि खडक, पाणी पार क्षितिजाला टेकलेलं. जाळं विणत बसलेल्या एका बाईने आमचे पांढरे झगे पाहिले आणि ती पोट धरून हसली.

"अवो, ओहोटी हाय! आता कंबरभर पानी कुठं मिलनार? दुपारी येल, तवर बसा."

मग बसलो. पाळकसाहेबांनी लाजेकाजेस्तव लांबलचक प्रवचन दिलं. मोबाइल सगळे आईकडे जमा होते, कारण मागच्या खेपेला एकाच्या खिशातल्या मोबाइलचाही बाप्तिस्मा झाला होता. आईने ते पिशवीत घालून बसमध्ये ठेवले, आणि ड्रायव्हर बसला कुलूप लावून जेवायला निघून गेला. भरती आली, बाप्तिस्मे झाले, ड्रायव्हर उगवला, तोवर दुपार कलली. बसमध्ये चढून पिशवी उघडली तर जवळजवळ प्रत्येक मोबाइलवर आत्याचे मिस्ड कॉल. बाबांचा चेहरा उतरला. परत फोन केला, तर तिचा बंद.

आमच्या घराचं दार उघडंच होतं. आमच्या एका किल्लीवर तिचा कायमचा हक्क होता. ते गुडघे घेऊन, जिन्यावर बसून, एकेक पायरी सरकत ती खाली आली होती. दिवाण उघडा, आणि आत्या त्याच्यापुढे जमिनीवर बसलेली, मांडीवर बोंबलांचं पुडकं, डोळे सुजलेले.

"ताई!"

तिने बाबांकडे पाहिलं. "तू गेला नाहीस?"

"कुठे?"

तेवढ्यात तिला आमचे ओले कपडे, पायांची वाळू दिसली. पुढच्या क्षणी बोंबलांचं पुडकं बाबांच्या छातीवर येऊन फुटलं.

हळूहळू सगळं कळलं. दुपार झाली, आम्ही नाही. काठी आपटली, खालून कुणी आलं नाही. बाबांना फोन, आईला फोन, पाळकसाहेबांना फोन, त्यांच्या मिसेसना फोन. कुणी उचलेना. खिडकीतून पाहिलं तर वॉचमन जागेवर, इस्त्रीवाला जागेवर, गुजराती काकी कपडे वाळत घालतायत. फक्त विश्वासणारेच गायब! मग तिने शेवटची परीक्षा म्हणून मंडळीतल्या अशा एका गृहस्थांना फोन लावला, जे वर्षातून दोनदाच उपासनेला दिसतात आणि तेव्हाही झोपतात. त्यांनीही उचलला नाही. ते जेवणाच्या आशेने आमच्याबरोबर आले होते, हे तिला काय ठाऊक.

"तो मेला पण गेला!" आत्या म्हणाली. "तो गेला आणि मी राहिले. मग वाटलं, तू तरी सुटलास, बरं झालं. पण नंतर वाटलं, आता हाक कुणाला मारू?"

बाबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले, बोंबलांमध्येच. "ताई, तुला सोडून मी कुठे गेलो असतो गं? न्यायला आले असते तरी नसतो गेलो."

"असं बोलू नये," आत्या नाक पुसत म्हणाली. "देवाला नाही म्हणतात का?" पण तिने त्यांचा हात सोडला नाही.

आम्ही तिघांनी मिळून तिला उठवलं. खुर्चीत बसल्यावर, आईने दिलेला चहा संपवून, तिने निकाल दिला. "एका गुडघ्याचं करते. तुझं मत खरं निघालं तर लंगडत का होईना, पळता येईल. दुसरा तसाच ठेवते. माझं मत मी सोडलेलं नाही."

डॉक्टरांना हे कारण सांगताना माझी पुरेवाट झाली. ते म्हणाले, एका वेळी एकच करणं तसंही बरं.

आता तिचा उजवा गुडघा नवा आहे आणि डावा अजून वाट पाहतोय. मंगळवारी भांडण होतं, काकी हल्ली मध्ये पडत नाहीत. आणि रोज सकाळी, आमचे दात घासून व्हायच्या आत, आत्या कठड्याला धरून जिना उतरते, स्वतःच्या किल्लीने आमचं दार उघडते आणि उंबऱ्यावरूनच विचारते, "आहात का रे सगळे?"

"आहोत, ताई," बाबा आतून म्हणतात.

"बरं," म्हणते आणि परत वर जाते.