रिकामी चौकट

बायको थंडीत गेली. त्याच्या आधी पोरीनं घरातल्या म्हाताऱ्या माणसाइचे आवाज फोनात भरून घेतले होते. पोरगी पुण्यात वेबसाइटचे प्रोग्राम लिहिते. तिनं इंटरनेटवर घरापुरतं एक पान बनवलं. पानावर एक चौकट. त्यात माणसाचं नाव लिहाचं, बटन दाबाचं, की त्याचा आवाज येते.

मले बायकोचा आवाज ऐकाचा होता. दुसरं काहीच नको होतं. घर इतलं सुनं झालं होतं की शेजारचं भांडण बी बरं वाटे.

पण नाव लिहाव कसं? आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. सारी जिंदगी "अवं", नाही तं "आयकलं का". लग्नात उखाण्यात घेतलं एकदा, ते बी बायांनी दार अडवलं म्हणून. अन् लिहिणं म्हणजे घेणंच झालं. चौथी शिकलो, लिहिता येते मले. पण बोट पुढं जातच नव्हतं. मंग चौकट तशीच रिकामी ठेवून बटन दाबो. घरचंच पान आहे, समजून घेईन, असं वाटे. लाल अक्षरं येत : नाव लिहा.

रोज सकाळी हेच. एक दिवस पोरीचा फोन आला.

"बाबा, तुमी रोज रिकामं काऊन पाठवून राह्यले?"

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणं कायले सांगाव? तुमी बटन दाबलं की तुमचा फोन माह्या प्रोग्रामले निरोप धाडते. कोणतं पान पाहिजे, चौकटीत काय लिहिलं, फोन कोणता. प्रोग्राम ते वाचते, मंगच आवाज देते. तुमच्याकडून नावाच्या जागी काहीच येत नाही."

"मंग तुहा प्रोग्राम बह्याड आहे. म्हातारा कोणाले बोलावून राह्यला, एवढं समजत नाही त्याले?"

ती हसली.

"आईचं नाव लिवा न बाबा. कोण पाहते?"

"तूच पाह्यलं न वं आता!"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणे, "ऱ्हाऊ द्या. तुमच्या फोनात मी एक खूण ठेवून देते. ती दरवेळी निरोपासंग येईन. ती खूण अन् रिकामी चौकट संग आली, की प्रोग्राम आईच समजीन."

दुसऱ्या दिवशी बटन दाबलं. लाल अक्षरं आली नाहीत. आधी बांगड्या वाजल्या. शेंगा फोडत बसली असन ती तवा. मंग म्हणे, "बंद कर वं पोरी ते आता. तुह्या बापाले भूक लागली असन."

"नाही लागली," म्या म्हटलं. "बोल तू."

तितल्यात आवाज संपला. पुन्हा दाबलं. तिनं तेच म्हटलं.